बॅटरीला ठिणगी पाडून बघणं आता बंद करा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, जागा कमी असेल तर माझी बडबड कापा पण मधले आकडे तेवढे ठेवा ही विनंती.

मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारची गोष्ट. गुरुवार म्हणजे आपल्याकडे लाइट जायचा वार, पुणेकराला हे वेगळं सांगायला नको. आमच्या सहकारनगरच्या बिल्डिंगमध्ये सकाळी नऊला गेलेली लाइट दोनच्या सुमारास आली, आणि तळमजल्यावरच्या काकूंचा इन्व्हर्टर मात्र दहालाच बसला होता, म्हणून त्यांनी दुकानात फोन केला आणि साडेपाचला तिथून एक पोरगा आला. बॅटरी जिन्याखालच्या लाकडी कपाटात, दार कायम बंद कारण आल्यागेल्याला दिसायला नको. म्हणजे साडेतीन तास ती बॅटरी त्या बंद कपाटात चार्जिंगला. पोरानं दार उघडलं, खिशातून वीतभर वायर काढली, दोन्ही टोकं सोललेली, एक टोक मायनसला गुंडाळलं आणि दुसरं प्लसला नुसतं टेकवलं. ठिणगी कशी पडते ते बघायला. मी जिन्यात होतो, "अरे थांब" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला.

बॅटरीच्या वरच्या झाकणाचा एक तुकडा पायरीवर येऊन पडला. पोराला काही कळायच्या आत मी त्याला दंडाला धरून बाहेरच्या नळाखाली नेलं, हात, मान, तोंड सगळं धू म्हणलं, आणि तो "काका झालं झालं" म्हणत असताना घड्याळ लावून पंधरा मिनिटं तिथून हलू दिलं नाही. नशीब म्हणजे त्याला नंबरचा चष्मा होता. काचेवर पाचसहा थेंब होते, मी ते त्याला दाखवले तेव्हा पोरगा पहिल्यांदा घाबरला. टी शर्ट तेव्हा चांगला दिसत होता, दोन दिवसांनी तो दाखवायला घेऊन आला तेव्हा पोटावर चाळणी झालेली, आईनं धुतल्यावर भोकं पडली म्हणाला. अॅसिड असंच असतं, कपड्याला लगेच दिसत नाही, धुतल्यावर दिसतं.

मी त्याला विचारलं ठिणगीवरून तुला काय कळतं रे. म्हणाला, "चांगली जाड ठिणगी पडली तर बॅटरी ओके, बारीक पडली तर गेली, उस्तादनी असंच शिकवलंय." पोराचा काही दोष नाही. नाना पेठेत जा, हायवेच्या कडेच्या टपरीवर जा, सगळीकडे हेच चालतं, आणि ठिणगी बघून गिऱ्हाईक पण खूश होतं, काहीतरी तपासल्यासारखं वाटतं. ज्या गावात वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी गाड्या तपासणारी संस्था आहे त्याच गावात खाली बॅटरी अशी तपासतात याची गंमत वाटते आणि चीडही येते.

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी एक्सचेंजच्या बॅटरी रूममध्ये. दोन व्होल्टचे २४ सेल, सगळे मिळून ४८ व्होल्ट, काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या मोठ्या बरण्यांत. एक्झॉस्ट पंखा चोवीस तास चालू, दारात बिडीकाडी बाहेर ठेवायची पाटी, कोपऱ्यात पाण्याची बादली आणि डोळे धुवायची बाटली, आणि एका सेलला पायलट सेल म्हणजे नमुन्याचा सेल ठरवून त्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं अॅसिड पाण्याच्या मानानं किती दाट आहे ते, रजिस्टरला लिहायची. एवढ्या वर्षांत कोणी ठिणगी पाडून बॅटरी बघितली असती तर साहेबानं त्याला तिथल्या तिथं घरी पाठवला असता. म्हणून हे पत्र.

आधी ठिणगीचं सांगतो. चार्जिंग संपत आलं की बॅटरीत जाणारा करंट प्लेटांना लागत नाही, तो पाणी फोडतो, त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो आणि पार ७५ टक्क्यांपर्यंत पेटत राहतो. वर तो हवेपेक्षा हलका, म्हणजे बंद कपाटात वरच्या फळीखाली आणि बॅटरीच्या झाकणाच्या आत जमून बसतो. काकूंच्या बॅटरीचं तेच झालं. जी बॅटरी तासाभरात बसते ती भरतेही पटकन, आणि मग उरलेला वेळ नुसता गॅस काढत बसते, त्यामुळे खराब बॅटरीवर ठिणगी पाडणं हे चांगल्या बॅटरीपेक्षा जास्त धोक्याचं, आणि तपासायला बोलावतात ती खराबच असते ना. बरं एवढं करून कळतं काय तर काही नाही. अर्धी रिकामी बॅटरीसुद्धा वायर टेकवली की शेकडो अँपिअर क्षणभर देते आणि झकास ठिणगी पाडते. ठिणगीवरून बॅटरी पास करणं म्हणजे माणूस किती जोरात ओरडतो त्यावरून तो पर्वती चढेल का हे ठरवण्यासारखं आहे.

आता काय करायचं ते. तपकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टिमीटर पाचशेच्या आत मिळतो, हायड्रोमीटर म्हणजे रबरी फुग्याची काचेची पिचकारी त्याहून स्वस्त. दुकानदाराकडे तरी या दोन गोष्टी असायलाच हव्यात, आणि घरी स्वतः करणाऱ्यानं आधी चार्जिंग बंद करावं, म्हणजे इन्व्हर्टरचा प्लग काढायचा, इन्व्हर्टरचं बटणही बंद करायचं, कपाटाचं दार सताड उघडून वीस मिनिटं चहा प्यायला जायचं. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या. आमच्या एका सहकाऱ्याच्या बोटात सोन्याची अंगठी होती, पाना फिरवताना अंगठी आणि पाना मिळून शॉर्ट झालं, अंगठी लालबुंद, तो डाग रिटायर होईपर्यंत बोटावर होता. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची ती त्यासाठी. डोळ्याला चष्मा, हातात रबरी हातमोजे, शेजारी पाण्याची बादली आणि घरातला खायचा सोडा. सोडा फरशीवर सांडलेल्या अॅसिडवर टाकायचा, फसफस थांबेपर्यंत. डोळ्यात सोडा अजिबात घालायचा नाही, डोळ्याला फक्त साधं पाणी, पंधरा मिनिटं, आणि मग तडक डॉक्टर. पाण्याची लेव्हल बघायला काही जण अजून मेणबत्ती किंवा लायटर धरतात, मोबाइलचा टॉर्च खिशात असताना! त्यांना काय म्हणावं.

मीटरचं एक माझं पाप आधी कबूल करतो. १९८६ साली करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहिली आणि तशीच मी बॅटरीच्या दोन टोकांना लावली. अँपिअरच्या भोकातून मीटर म्हणजे सरळ तांब्याची तार असते, म्हणजे मी त्या पोराच्या वायरचंच काम केलं. मीटर जळाला, टोकं वितळली, हात वाचला. तेव्हा मीटर लावायच्या आधी लाल वायर व्होल्टच्या भोकात आणि बटण डीसी २० व्होल्टवर आहे का हे दोनदा बघा.

व्होल्टेज लगेच बघून उपयोग नाही. चार्जिंग आत्ता थांबवलं असेल तर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर खोटं चांगलं दाखवतो. चारपाच तास बॅटरीला हात न लावता ठेवा. गाडीचं असेल आणि घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, परत दोन मिनिटं थांबा आणि मग बघा. गाडीची बॅटरी १२.६ ते १२.७ म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामीच. विश्रांतीनंतरही साडेदहाच्या आसपास अडकली असेल तर बहुतेक सहातला एक सेल मेला, कारण एका सेलचे दोन व्होल्ट आणि थोडे वर.

इथे एक गोष्ट बऱ्याच दुकानदारांनाही माहीत नाही. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत अॅसिड गाडीच्यापेक्षा पातळ भरतात, फुल चार्जला ग्रॅव्हिटी १२४० असते (पाणी १००० धरून, म्हणजे पाण्याच्या १.२४ पट), गाडीत १२६५ ते १२८०. सेलचं व्होल्टेज साधारण ग्रॅव्हिटी अधिक ०.८४ धरायचं, म्हणजे १.२४ अधिक ०.८४ झाले २.०८, गुणिले सहा, १२.४८. म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी साडेबारा व्होल्टला फुल असते! ती १२.५ दाखवते म्हणून "काका पाऊणच भरतीये, बदला" म्हणणारा एकतर अडाणी आहे किंवा नवीन बॅटरी विकायला आलाय. माझ्या मेव्हण्यानं अशी एक धडधाकट बॅटरी बायबॅकमध्ये देऊन टाकली, मला नंतर सांगितलं.

खरा आजार कळतो तो ग्रॅव्हिटीवर. बॅटरी उतरते तशी अॅसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं आणि मागं पाणी उरतं, चार्ज केली की सल्फेट परत अॅसिडमध्ये येतं, म्हणून अॅसिड किती दाट आहे हे मोजलं की आत काय चाललंय ते कळतं. एकेका सेलचं बूच काढायचं, पिचकारीनं अॅसिड ओढायचं, आतला काचेचा तरंगा कडेला चिकटलेला नको, मोकळा तरंगायला हवा, डोळ्याच्या समोर धरून वाचायचं आणि ते अॅसिड परत त्याच सेलमध्ये सोडायचं. एकाचं दुसऱ्यात नाही. नुकतंच डिस्टिल्ड वॉटर घातलं असेल तर त्या दिवशी वाचू नका, पाणी वर तरंगतं, चांगली बॅटरी मेल्यासारखी वाचते, आधी चार्ज होऊन मिसळू द्या. गाडीच्या बॅटरीला १२६५ फुल, १२२५ पाऊण, ११९० अर्धी, ११२० रिकामी. सहाही सेल सारखे खाली असतील तर घाबरू नका, बॅटरी नुसती उपाशी आहे, रात्रभर नीट चार्ज करा आणि परत बघा. पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत फुल चार्जनंतर पाच सेल १२३५ आणि एकच ११८० असेल तर तो सेल गेला. २५-३० पॉइंटच्या फरकाला कान टवकारायचे, ५० झाले की खर्चाची तयारी ठेवायची.

हे आकडे २७ डिग्रीचे. वर दर दहा डिग्रीला सात पॉइंट मिळवायचे, खाली तेवढेच वजा करायचे. मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत अॅसिड ४० डिग्रीला असतं, तेव्हा १२३० वाचलं तर ते जवळजवळ १२४०च आहे. डिसेंबरच्या सकाळी बाल्कनीतली बॅटरी १२४० दाखवते ती खरी १२३०. उन्हाळ्याचं आणखी एक, बॅटरी दहा डिग्री जास्त गरम राहिली की आयुष्य साधारण निम्मं होतं, तेव्हा कपाटाला जाळी लावा हो, पाहुण्यांचं काय एवढं.

पाण्याबद्दल लिहायला लागलो तर दुसरं पत्र होईल. डिस्टिल्डच घाला, आरओचं नाही, एसीच्या नळीतून गळणारं तर नाहीच, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू येतात. अॅसिड वरून घालायचं नाही, उडून जातं ते पाणी, अॅसिड नाही. आणि डिस्टिल्ड वॉटर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून अॅसिडच्या बाटलीशेजारी ठेवू नका.

आता दम किती आहे ते. माणूस बसल्या जागी ठणठणीत दिसतो आणि जिना चढला की कळतं, तसंच हे. गाडीला मीटर बॅटरीच्या टोकांना लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, तेवढ्या वेळात ९.६ च्या खाली जायला नको. ओढणी, मफलर, सैल बाही फॅनबेल्टपासून लांब ठेवा. गाडी चालू झाल्यावर मीटर १३.८ ते १४.५ दाखवायला हवा, १३ च्या खाली असेल तर बॅटरीला शिव्या देऊ नका, अल्टरनेटर किंवा बेल्ट बघा, आणि १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर बॅटरीला उकळून मारतोय. घरच्या बॅटरीला बॅटरी फुल असताना मेन बंद करून दोन पंखे आणि दोनचार एलईडी असा दोनशे वॅटचा लोड द्या आणि दर दहा मिनिटांनी व्होल्टेज लिहा. १५० एएच (अँपिअर-तास) लिहिलेलं असतं ते वीस तासांच्या हिशोबानं, म्हणजे साडेसात अँपिअर वीस तास. दोनशे वॅटला बॅटरीतून वीसेक अँपिअर जातात, म्हणून भागाकार करून साडेसात तास धरू नका, जास्त ओढलं की कमीच मिळतं. पण पंधरा मिनिटांत अकरावर आली तर ती बॅटरी संपली, आणि लोडवर एकाच सेलमधून बुडबुडे येत असतील तर आजारी सेल तोच.

सीलबंद बॅटरीला बूच नसतं, ती उघडायचा उद्योग करू नका, तिथं व्होल्टेज आणि लोड एवढंच. काहींना वर हिरवा डोळा असतो, तो एकाच सेलचं सांगतो, बाकीच्या पाचांचं नाही. डोळा हिरव्याचा काळा झाला तर चार्ज करा, पण पांढरट किंवा पिवळट झाला म्हणजे आत पाणी कमी झालंय, तिला चार्ज करू नका, जंपर लावू नका, सरळ बदला.

आणि बॅटरी गेली म्हणायच्या आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवट बुरशी आली असेल तर काढताना आधी मायनस सोडवा, लावताना मायनस शेवटी, सोड्याच्या पाण्यानं आणि जुन्या ब्रशनं धुवा, कोरडं करा, व्हॅसलीन लावा. अर्ध्या "गेलेल्या" बॅटऱ्या एवढ्यानं उठून बसतात.

आता मुद्द्याचं. मी त्या पोराच्या दुकानात गेलो, मालकाला म्हणलं मीटर आणि पिचकारी का देत नाही पोरांना. मालक सरळ माणूस आहे, म्हणाला, "काका, सहा सेलची ग्रॅव्हिटी घ्यायला अर्धा तास जातो, त्याचे पन्नास रुपये मागितले तर लोक म्हणतात नुसतं बघायचे कसले पैसे. बॅटरी विकली तरच मला सुटतात." यावर मला काही बोलता आलं नाही. आपण फुकट तपासून मागतो, म्हणून तो ठिणगी पाडतो आणि नवीन विकतो. तेव्हा वाचकांनो, तपासणीचे पैसे द्या, आणि बदल्यात बिलावर सहा सेलचे सहा आकडे, विश्रांतीचं व्होल्टेज आणि लोडवरचं व्होल्टेज लिहून मागा. दुकानदार संघटनांनीही बिलबुकातच तेवढे रकाने छापावेत. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो अॅसिड गटारात ओततो, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती विक्रेत्यामार्फत किंवा थेट, जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्या संस्थेकडे जायला हवी.

काकूंना नवीन बॅटरी घ्यावीच लागली. परवा रविवारी तोच पोरगा माझ्याकडे आला, हातात नवीकोरी पिचकारी, डोळ्याला मोठा गॉगल. माझी चार वर्षांची बॅटरी त्यानं एकेक सेल करून तपासली, पाच सेल १२३५ च्या वर, प्लसकडून तिसरा १२१०. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारखेसकट लिहिलं. मग बराच वेळ बिलबुक चाळत उभा राहिला आणि म्हणाला, "काका, याला बिलात काय लिहू?"

"ग्रॅव्हिटी तपासणी, शंभर रुपये," मी म्हणलं.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी,
सहकारनगर, पुणे